नववं चाक

अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीवर धाकट्याने आठ लोखंडी दातेरी चाकं गोल बसवलेली पाहून दादाचं डोकं फिरलं.

"किती वेळा कानीकपाळी ओरडायचं? सपाट गोलात चाकं सम लागतात, पीळ दिला की विषम. आठावर हे अडकणार."

"पण दादा, फिरतंय."

दादाने पहिल्या चाकाचा दांडा हिसका देऊन फिरवला. आठही चाकं फिरली. मग त्याला पहिल्या आणि आठव्या चाकामधली फट दिसली.

"इथे दातच भिडले नाहीत, गाढवा. मग फिरणारच."

तणतणत त्याने चौथं चाक उपटून टेबलावर आपटलं आणि पुन्हा दांडा फिरवला. आता पाचव्यापासून पुढची चाकं गप्प बसायला हवी होती. ती फिरत राहिली. पहिल्या-आठव्यामधल्या फटीतून दातावर दात चढल्याची कटकट येऊ लागली.

"माझी चेष्टा करतोस?"

धाकटा मागे सरकला. "मी काही केलं नाही, दादा."

दादाने संतापून त्या रिकाम्या फटीत बोट खुपसलं आणि शिवी द्यायला तोंड उघडलं.

लोखंड हाताला गार लागतं. फटीतलं हे न दिसणारं चाक कोमट होतं. बोट लागताच ते फिरायचं थांबलं, आणि त्याचे दात दादाचं बोट हळूहळू चाचपू लागले.