सुकट निवडणारी भाचरं

पंचायतीने मुक्कामी पर्यटकांवर माणशी कर लावला. घरी आलेल्या नातेवाइकांना तो माफ होता. तेव्हापासून ठमीकाकी आपल्या खोल्या भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आधी समजावायची, "करवाले भाऊसाहेब आले की मला आत्या म्हनायचं, आन् सूप घेऊन सुकट निवडायला बसायचं. भाडं भरून आलेला मानूस सुकट निवडत न्हाय, त्यांना पन ठाव हाय."

युक्ती चालली. भाऊसाहेब यायचे, ओट्यावर नाक मुरडत सुकट निवडणारी भाचरं बघायचे आणि पावतीपुस्तक न उघडताच परत जायचे. "आवडाबाईंचं माहेर मोठं आहे," एवढंच एकदा काकीचं नाव चुकवून म्हणाले.

"मी ठमी," काकी म्हणाली. "पन माहेर मोठं हाय."

या शनिवारी भाऊसाहेब ओट्यावर चहा पीत बसले असतानाच नाशिकची एक गाडी दारात थांबली. काकी पुढे धावली, पण तोवर गाडीतली मुलगी उतरून भाऊसाहेबांपाशी पोचली होती.



"काका, ते करवाले साहेब कधी येणार? रिव्ह्यूत सगळ्यांनी लिहिलंय, त्यांच्यासमोर आत्याची भाचरं होऊन सुकट निवडण्यातच खरी मजा आहे."