सफाईवाले

अॅक्वेरियमवाल्यानं जाळी पाण्यात घातली आणि मावशींनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा. मेलेत का ते?"

"मेले नाहीत, मरणार आहेत," तो म्हणाला. "हा बघा, परत वर गेला. गुदमरतोय. दोन मागच्या महिन्यात गेले, हे चार आता जातील. रोग आहे. रंगीत माशांना लागायच्या आत काढून टाकतो."

दातांचा दवाखाना उघडायला अजून अर्धा तास होता. खुर्च्या पुसून झाल्या होत्या, फरशी वाळत होती. अकरा वर्षं ही फरशी मावशींच्या हातची, त्यामुळे तिच्यावर ओल्या बुटांनी उभ्या राहिलेल्या माणसाला त्या काही भ्यायच्या नाहीत.

"गुदमरत नाही तो. वर जातो, हवेचा घोट घेतो, खाली येतो. रोज बघते मी. आजारी माणूस इतक्या वेळा जिने चढतो का?"

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई एका हातात मोजा घालून बाहेर आल्या. "मावशी, त्यांना करू द्या ना त्यांचं काम. ते मासेवाले आहेत, त्यांना त्यातलं कळतं."

"मासेवाला नाही, मॅडम," तो दुखावला. "मासेवाला बाजारात बसतो. मी अॅक्वेरियमवाला."

मावशींनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी काचेला बोट लावलं. तळाच्या वाळूत अंगठ्याएवढे चार तपकिरी मासे तोंड खुपसत होते. अंगावर चिलखतासारखे पत्रे, तोंडाशी मिशा.

"आता एक वर जाईल, तेव्हा त्याचं पोट बघा. वरून चिलखत, म्हणून कळत नाही."

एक गेला. डॉक्टरीणबाई वाकल्या. पोट पार खपाटीला गेलं होतं.

"याला रोग म्हणत नाहीत," मावशी म्हणाल्या. "याला उपास म्हणतात."

टाकीवर डॉक्टरीणबाईंच्या नेटक्या अक्षरात एक कार्ड चिकटवलेलं होतं. रंगीत : सकाळ-संध्याकाळ एक चिमूट. सफाईवाले : काही नको.

"तुम्हीच सांगितलं होतंत," डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "सफाईवाले आहेत, उरलंसुरलं खातात म्हणून."

"सगळीकडे तसंच सांगतात, मॅडम."

"उरतं कुठे?" मावशींनी डब्यातली चिमूट पाण्यावर सोडली. रंगीत माशांनी अशी झडप घातली की बोटभर खालीसुद्धा काही पोचलं नाही. "हे बिचारे वाळू फुंकत बसतात आणि लोकांना वाटतं, जेवतायत. अहो, शोधतायत ते. नुसतं मिशीला तूप."

मागच्या महिन्यातले दोन्ही मासे मावशींनीच उचलले होते. दुसरा तळहातावर घेतला तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. पण कार्डावर बाईंचं अक्षर होतं, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्प बसण्याची त्यांना अजून लाज वाटत होती. आज हे चारही बादलीत गेले तर त्यांना झाडू पुन्हा हातात धरवणार नव्हता.

"पाच मिनिटं द्या मला," त्या म्हणाल्या. "नाही खाल्लं तर खुशाल न्या. मी स्वतः बादली धरते."

त्यांनी वाटीत माशांचं खाणं पाण्यात कालवलं, पिळून पिळून जड केलं. आतून बिनसुईची कोरी सिरिंज आणली आणि ते तिच्यात भरलं. मग डाव्या कोपऱ्यात कोरडी चिमूट टाकली. रंगीत झुंड तिकडे धावली, तशी त्यांनी बाही सारून कोपरापर्यंत हात उजव्या कोपऱ्यात घातला आणि सिरिंज थेट तळाशी नेऊन दाबली. वाळूवर छोटासा ढीग झाला.

चारही मासे दचकून मागच्या दगडाआड गेले.

एक मिनिट झालं. दोन झाली. अॅक्वेरियमवाल्यानं जाळीतलं पाणी झटकलं. मावशींनी हात पुसला नाही; पाणी त्यांच्याच फरशीवर ठिबकत होतं. "येतील," त्या म्हणाल्या. "बोलावणं कधी आलंच नाही त्यांना. विश्वास बसायला वेळ लागणार."

मग एक मिशी दगडाआडून बाहेर आली. वाळू चाचपत, थबकत, ढिगापर्यंत पोचली. पहिल्यानं तोंड खुपसलं ते काढलंच नाही. मागून दुसरा आला, तिसरा आला. चौथा तर बाकीच्यांच्या अंगावरूनच चढला.

"आई गं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किती भूक होती!"

अॅक्वेरियमवाल्यानं जाळी गुंडाळून पिशवीत ठेवली. "पुढच्या वेळी तळाला जाणाऱ्या गोळ्या आणतो," तो हळूच म्हणाला. "त्यांच्यासाठी वेगळ्या मिळतात."

"मिळतात ना? मग आजच आणा," मावशी म्हणाल्या, आणि आता कुठे त्यांनी हात पुसला.

डॉक्टरीणबाईंनी खिशातलं पेन काढलं. 'काही नको' खोडून त्याजागी 'सकाळ-संध्याकाळ, तळाशी' असं लिहिलं. "झालं, मावशी?"

"नाही झालं. आधी ते नाव खोडा. ते नाव पडलं की जेवलास का म्हणून कुणी विचारत नाही."

डॉक्टरीणबाई क्षणभर मावशींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी 'सफाईवाले' या शब्दावर आडवी रेघ ओढली, एकदा, आणि नीट दिसावी म्हणून पुन्हा एकदा.

"मग काय लिहू?"

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "मिशीवाले लिहा," त्या म्हणाल्या. "मिशीवाल्यांना कुणी उपाशी ठेवत नाही."