रविवारची नळी

"प्रभू येशू, माझ्या लेकाचे डोळे उघड," सासूबाई दर रविवारी जेवणाआधी प्रार्थना करायच्या. त्या वेळी आम्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. उघडे फक्त लेकाचे, म्हणजे आमच्या ह्यांचे. आमेन होईपर्यंत मटणातली एकुलती एक नळी ह्यांच्या ताटात पोचलेली असायची.

"तुमची श्रद्धा आंधळी, आम्ही डोळस," नळी चोखत हे आम्हाला शिकवायचे. एवढे डोळस, की आठवडाभर आईच्या हातून घास सांडत होता, ते काही त्यांना दिसलं नाही.

मग झटका आला. सासूबाईंची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांचे ओठ नुसतेच हलले. मटण निवत चाललं.

"प्रभू येशू..." आवाज ह्यांचा होता! आईची अख्खी प्रार्थना पाठ. नळीची वाट बघत बघत झाली असणार. शेवटच्या ओळीला मात्र गाडी अडली. "माझे... माझे डोळे उघड, प्रभू."

मला राहवेना. मी हळूच पाहिलं. ह्यांचे डोळे गच्च मिटलेले, गाल ओले. सासूबाईंचे मात्र टक्क उघडे, आणि डाव्या हातात नळी.