वनौषधी पावडर

सुभद्राने पिशवीतलं पाकीट काढून काउंटरवर आपटलं. पिवळी पावडर उडून मधुकररावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली.

"यात हळद कुठी आहे, दाखवा मले."

महाल भागातल्या मधुकररावांच्या दुकानात माशांचं खाद्य घ्यायला आलेली माणसं वळून बघायला लागली. मधुकररावांनी सदरा झटकला. चिडलेल्या गिऱ्हाइकांची त्यांना सवय होती.

"मासे मेले काय ताई तुमचे?"

"एकही नाही मेला."

"मंग भांडून काहून राहिल्या?"

"त्याच्यासाठीच."

पारशिवनीजवळ तिचं पंगास माशांचं तळं होतं. पूर्वी ती खाद्यात लसूण आणि कडुनिंबाचा पाला वाटून घालायची. त्याने रोगराई कमी व्हायची, पण थोडे मासे मरायचेच. मग मधुकररावांनी ही पावडर दिली. पाकिटावर तुळशीचं चित्र, खाली 'हळद, तुळस, कडुनिंब - संपूर्ण वनौषधी' असं छापलेलं. या उन्हाळ्यात आसपासच्या तळ्यांत मासे लाल चट्टे येऊन उलटे तरंगू लागले. तिच्या तळ्याला काहीच झालं नाही. आधी तिला आनंद झाला, मग शंका आली. पाल्याचा एवढा गुण तिने कधीच पाहिला नव्हता. तिने पावडर प्रयोगशाळेत तपासून घेतली.

"वनौषधी नावालेही नाही. नुसता रंग, अन् माणसाले देतात ते अँटिबायोटिक," ती म्हणाली. "बाजारात मी लोकायले सांगितलं, माहे मासे पाल्यावर वाढले म्हणून. माही लेक मेघा पोटुशी आहे. तिले माह्या हातानं खाऊ घातले."

मधुकररावांनी आवाज खाली आणला. "मासे जगवाचे होते ना तुम्हाले? जगले ना?"

 मधुकररावांशी बोलण्यात अर्थ नव्हता. सुभद्रा माणसांकडे वळली.

"तुम्ही तरी ऐका. आज हे माशायच्या पोटात चाललं, तिथून आपल्या पोटात. उद्या लेकरू तापानं फणफणलं अन् औषध लागूच नाही पडलं, तं कोणाकडे जासान?"

 मागून रामटेककडचा एक माणूस पुढे आला. त्याचं अख्खं तळं मागच्याच आठवड्यात मेलं होतं.

"बाई खरं बोलून राहिल्या," तो म्हणाला. "हे पाप आहे."

सुभद्राला बरं वाटलं. निदान एकाला तरी कळलं. त्याने काउंटरवरचं फाटकं पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"एकही नाही मेला म्हणता?"

"नाही."

त्याने पाकीट खाली ठेवलं आणि तिच्याकडे न बघता मधुकररावांना म्हणाला, "मले दोन द्या."