मिसिंग

"गाडी मिसिंग मारतेय," मी म्हणालो, तर साहेब हसले.

"मिसफायर म्हणतात त्याला. मिसिंग म्हणजे हरवलेलं. एवढी वर्षं परळमध्ये गॅरेज चालवताय, निदान शब्द तरी नीट शिका."

अशा शहाण्याच्या तोंडी कोण लागणार? त्यांची ती वीस वर्षांची जुनी गाडी महिनाभर टॉवरच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. मी बॉनेट उघडलं आणि चारही प्लगच्या वायरी तपासल्या. तीन ठीक होत्या. चौथी मधूनच कुरतडलेली होती.

"तुमचंच बरोबर, साहेब. अर्धी वायर हरवलीय. उंदरांनी खाल्ली."

साहेबांनी नाक मुरडलं. "आमच्या टॉवरमध्ये उंदीर? ती काय चाळ आहे?"

"होती. दुसऱ्या मजल्यावर, बारा नंबरच्या खोलीत माझा जन्म झाला."

"मग?"

मी वायर त्यांच्या हातावर ठेवली.


"खोल्या खाली करायची नोटीस आम्हाला आली होती, साहेब. उंदरांना नाही."