रस्त्याचं विरजण

नाशिकचा महामार्ग तीन आठवडे बंद होता. या वेळी डांबर नव्हतं. जिवाणू घातलेलं मिश्रण ओतलं होतं. ते आपलं आपण दगडासारखं घट्ट होई आणि पुढे भेगाही स्वतःच भरून काढी. पण पौषातल्या थंडीत त्याचा नुसता चिखल राहिला होता.

प्रमिलाबाई नवऱ्याला, वामनरावांना, डायलिसिसला नेत. वीस मिनिटांची वाट वळसा घालून दोन तासांची झाली होती. काल परतताना वामनरावांची रिक्षातच शुद्ध हरपली.

आज त्या थेट रस्ता अडवलेल्या कठड्यापाशी गेल्या. या कामाची इंजिनिअर गौतमी तिथेच उभी होती.

"पोरी, अजून घट्ट कसं होत नाही गं?"

"आजी, दही आहे का ते, रात्रीत लागायला?"

"मग दह्याहून वेगळं काय केलंयस? विरजण कुठलं?"

गौतमी हसली. "बंगळुरूच्या प्रयोगशाळेतलं."

"मीही लग्नानंतर माहेरचं विरजण आणलं होतं. आठ दिवस दूध नासलं. शेवटी शेजारणीकडून वाटीभर आणलं. उन्हाळ्यात तू हेच ओतून केलेला रस्त्याचा पट्टा चांगला लागलाय ना? त्यातलं घाल. त्याला इथली हवा ठाऊक आहे. आणि वरून पांघरूण!"

गौतमी हसायची थांबली. दुपारी तिने तो पट्टा थोडा खरवडून भुकटी मिश्रणात कालवली. संध्याकाळी प्रमिलाबाईंच्या गल्लीतल्या बायकांनी ताडपत्र्यांवर गोधड्या अंथरून महामार्गाचा चिखल झालेला अख्खा तुकडा झाकला.

पुढच्या आठवड्यात रिक्षा थांबली, तेव्हा वामनराव वैतागले.

"पुन्हा रस्ता बंद?"

"उतरा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "दवाखाना आला."