नागलीचा आकडा

राज्य सरकारने जपानमध्ये निर्यातीसाठी कार्यालय उघडलं आणि महिन्याभरात पोशेऱ्याच्या गौराला मोखाड्याच्या पंचायत समितीत बोलावणं आलं. तिच्या बचत गटाची नागली, म्हणजे नाचणी, तिकडच्या एका व्यापारी बाईंना पसंत पडली होती. व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर त्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी तिथल्या कार्यालयातला आपला मराठी अधिकारी, दोघींमधला दुभाषी.

"दरवर्षी किती देऊ शकाल, असं विचारतायत," तो म्हणाला.

गौराने थोडा विचार केला. "आमचे पोरांना वर्षभर लागंल ती पहिली ठेवू. उरंल ती देऊ."

अधिकारी गडबडला. "ताई, हे कसं सांगू त्यांना? काहीतरी आकडा द्या. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल."

"आकडा दिला न् पीक कमी आलं, तं पोरांचे ताटातली द्याया लागंल."

काय चाललंय, असं बाईंनी विचारलं. नाइलाजाने त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई गौराकडे बघून दोनच वाक्यं बोलल्या.

"काय बोलल्या त्या?" गौराने भीतभीत विचारलं.

अधिकाऱ्याने समोरचा कागद बाजूला सारला. "तुमची मुलं खातात तीच असेल, तर उरेल तेवढी पाठवा, म्हणतायत. त्या थांबतील."